काकूंच्या आवाजातला स

सॉफ्टवेअरची टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास झाली, की तिला हिरवी करायचे दोनच मार्ग असतात. एक म्हणजे चूक शोधायची, त्यापायी डोकं फोडून घ्यायचं आणि ती दुरुस्त करायची. दुसरा म्हणजे बरोबर उत्तर खोडून त्याच्या जागी आपलंच चुकलेलं उत्तर लिहून ठेवायचं. मग काय, दोन्ही जुळणारच! आमच्या कामात या दुसऱ्या प्रकाराला 'रेफरन्स अपडेट केला' असं सभ्य नाव आहे. मी त्याला लबाडी म्हणते. ज्यानं ती केली त्याच्याबद्दल मी गोड बोलणार नाहीये, हे आधीच सांगून ठेवते.

काम कसलं ते सांगते. पोटासाठी मी इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करते. उरलेल्या वेळात एका ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये राबते. जगभरातल्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेलं, कुणीही फुकट वापरावं असं ते सॉफ्टवेअर आहे, आणि ते जुन्या प्रकारच्या आवाजाच्या फाइल्स वाजवतं. जुने फोन, जुने कॅमेरे, कधीच गाशा गुंडाळलेल्या कंपन्यांचे रेकॉर्डर, अशा सगळ्यांच्या फाइल्स. फाइलमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या भागाला डीकोडर म्हणतात. तो डीकोडर आवाज बरोबर काढतो की नाही, हे तपासणं आणि चुकला तर त्याला वठणीवर आणणं, हे माझं काम. पुण्याहून आई दर फोनला विचारते, "पगार नाही तर कशाला करतेस गं?" मी म्हणते, तू रोज दारात रांगोळी काढतेस त्याचा पगार कोण देतं? मग ती विषय बदलते.

या प्रोजेक्टमध्ये मला ओढलं ते माझ्या मित्रानं. तो नागपूरचा. आमच्याच कंपनीत, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. हुशार, हसरा, कुणालाही दोन मिनिटांत आपलंसं करणारा. माझं पहिलं काम त्यानं ओळ न् ओळ तपासलं, शंभर चुका काढल्या आणि शेवटी म्हणाला, "पण तुझे कान चांगले आहेत, बे." मी त्या एका वाक्यावर वर्षभर हवेत होते. माझा सख्खा भाऊ जेवढा मला ओळखत नाही तेवढा हा ओळखतो, असं मी लोकांना सांगायचे. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

काकू लंडनला, एजवेअरला राहतात. मी इंग्लंडात नवीन आले तेव्हा त्यांच्याकडेच एक खोली घेऊन राहिले होते. काकू डॉक्टर, तिथल्याच सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, जन्मभर पेशंट तपासून निवृत्त झालेल्या. काका त्यांच्याहून थोडे मोठे. दोघांचं दिवसभर वाजायचं. चहात साखर जास्त झाली, कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला विसरला, हीटिंग कुणी वाढवलं, कशावरूनही. भांडण थांबलं की घर सुनं वाटायचं. मी स्लाऊला राहायला गेले तरी रविवारी जेवायला तिकडेच. पुढे मित्रालाही नेऊ लागले. काकू कोल्हापूरच्या, पण त्याच्यासाठी मुद्दाम नागपुरी गोळाभात करायला शिकल्या. तो नको नको म्हणेपर्यंत त्याच्या ताटात वाढत राहायच्या.

मग काकूंना मोटर न्यूरॉनचा, हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार झाला. आधी बोलणं जड झालं, मग शब्द एकमेकांत मिसळायला लागले. हॉस्पिटलच्या स्पीच थेरपिस्टनं सांगितलं की जुनी, स्वच्छ रेकॉर्डिंग्ज असतील तर त्यावरून काकूंच्या आवाजात बोलणारं मशीन तयार करता येईल. काकू टाइप करतील, मशीन त्यांच्या आवाजात बोलेल. इंग्रजी तर बोलेलच, मराठीही थोडं अडखळत पण बोलेल. नवीन रेकॉर्डिंग करायची वेळ मात्र निघून गेली होती.

आणि जुनी रेकॉर्डिंग्ज होती! काकू वर्षानुवर्षं एक खिशातला रेकॉर्डर वापरत. पेशंटच्या कामाचं सगळं त्यांनी केव्हाच पुसलं होतं, पण घरचं तसंच होतं. लेकीसाठी सांगितलेल्या रेसिप्या, स्वतःलाच दिलेल्या आठवणी, मध्येच काकांना घातलेल्या शिव्या. तासन् तास काकू. फक्त त्या फाइल्स उघडत नव्हत्या. रेकॉर्डरची कंपनी बुडालेली, तिचं सॉफ्टवेअर एका जुनाट लॅपटॉपवर कसंबसं चालायचं. आम्ही दोघांनी तो लॅपटॉप काकांच्या गराजमधून काढला, पुसला, चालू केला. मोजक्या छोट्या फाइल्सचा आवाज त्यानं आम्हाला काढून दिला आणि मग तो जो बंद पडला तो कायमचाच.

म्हणजे आता डीकोडर आम्हीच लिहायचा. तो बरोबर आहे की नाही, हे ठरवायला जगात एकच माप उरलं, लॅपटॉपनं मरता मरता दिलेले ते मोजके आवाज. तेच आमचे रेफरन्स. आमचा डीकोडर तीच फाइल उघडून जो आवाज काढेल तो रेफरन्सशी कणाकणानं जुळला तर टेस्ट हिरवी, नाही तर लाल. आमच्याकडे एक रीत आहे, कुणाला शिकवावी लागत नाही. रेफरन्सला हात लावायचा नाही. लावायचाच असेल तर आधी सगळ्यांना कारण सांगायचं, दुसऱ्यानं कानांनी ऐकायचं, मगच.

पूर्ण उन्हाळा आम्ही त्यावर बसलो होतो. मी नमुने ऐकायचे, कुठे बिघडतंय ते सांगायचे, तो कोड लिहायचा. शेवटी छोट्या फाइल्स नीट वाजल्या. मोठ्या फाइल्सवर मात्र आमचा डीकोडर रखडायचा, मध्येच मान टाकायचा. मित्र म्हणाला, "मी वेगवान करतो, तू टेन्शन नको घेऊ." त्याच सुमारास त्याला एका मोठ्या कॉन्फरन्समध्ये बोलायचं आमंत्रण आलं होतं. विषय हाच, हरवलेला आवाज परत कसा मिळवला. मला अभिमान वाटला. खरंच वाटला.

एका दुपारी त्याचा मेसेज आला, "झालं. वेगवान आहे, सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत. काकूंच्या फाइल्स याच व्हर्जननं काढ." मी पाहिलं, खरंच सगळं हिरवं होतं. मी सगळ्या फाइल्स एका दमात काढल्या आणि थेरपिस्टला पाठवून दिल्या. एवढ्या तासांचं कोण ऐकत बसणार? टेस्ट त्यासाठीच तर असते.

मशीन तयार झालं त्या रविवारी आम्ही दोघं एजवेअरला गेलो. काकू टॅबलेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हातात अजून थोडी ताकद होती. त्यांनी टाइप केलं आणि मशीन बोललं. काकूच होत्या, नव्हत्या असं नाही. पण जाड पडद्याआडून बोलल्यासारख्या. काकूंचं बोलणं कसं? स, श, च, सगळं खणखणीत, प्रत्येक अक्षर जागच्या जागी. इथे त्या सगळ्या कडा झिजलेल्या. काका पुढे सरकून ऐकत होते, ते मागे टेकून बसले. काकूंनी मित्राकडे पाहिलं आणि हळूहळू टाइप केलं, "खरं सांग. मी अशीच बोलायचे?"

तो उठून त्यांच्या खुर्चीजवळ गेला, गुडघ्यावर बसला, त्यांचा हात हातात घेतला. "हुबेहूब, काकू. डोळे मिटले तर वाटते तुम्हीच ओरडून राहिल्या काकांवर." काकू हसल्या. मीसुद्धा हसले. परतताना मी गाडीत म्हटलं, जरा दबलेला वाटतो ना? तो म्हणाला, "रेकॉर्डर जुना होता, अन् मशीनचा आवाज थोडा तसाच असते." त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मी कधीच मान्य करून बसले होते. गप्प बसले.

त्याचं भाषण मी घरून, स्क्रीनवर पाहिलं. त्यानं काकूंची गोष्ट सांगितली, नाव न घेता. शेवटी मशीनमधला आवाज वाजवला. लोक उभे राहिले. काहींनी डोळे पुसले. मीही.

एजवेअरच्या घरात मात्र भांडणं बंद झाली. काकू टाइप करायच्या आणि काका म्हणायचे, "आवाज बंद कर, मी वाचतो." दोघं शेजारी बसून असायचे, ते चष्मा लावून स्क्रीन वाचायचे, मान हलवायचे. हो म्हणायचे. काका, आणि प्रत्येक गोष्टीला हो! मला ते बघवायचं नाही. काकूही कमी टाइप करायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, दमायला होतं. आजारच तसा, आम्ही सगळ्यांनी तेच धरून चाललो.

मग एके दिवशी फिनलंडमधल्या कुणा अनोळखी माणसानं प्रोजेक्टकडे तक्रार नोंदवली. त्याच्याकडे तसल्याच रेकॉर्डरच्या फाइल्स होत्या. जुन्या व्हर्जनमध्ये आवाज स्वच्छ येतो, नव्या व्हर्जनमध्ये सगळे स बसके येतात, असं त्यानं लिहिलं होतं. मी ते पुन्हा एकदा वाचलं. हे मी ऐकलेलं होतं. कुठे ऐकलं होतं, तेही क्षणात कळलं.

पण टेस्ट तर हिरवी होती! मी पुन्हा चालवली, हिरवीच. मग रेफरन्स उघडून कानाला लावला. लॅपटॉपनं दिलेला तो खरा आवाज, ज्याच्या भरवशावर सगळं उभं होतं, तोच बसका होता. आमच्या प्रोजेक्टमध्ये कुणी काय कधी बदललं ते कुणालाही दिसतं, लपत नाही. डीकोडर वेगवान केला त्याच दिवशी, त्याच्याच हातानं रेफरन्स बदललेला होता. कारण म्हणून दोन शब्द, रेफरन्स अपडेट. डीकोडर चुकला, टेस्ट लाल झाली, आणि या पठ्ठ्यानं चुकलेला आवाजच उचलून रेफरन्सच्या जागी ठेवून दिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तरी मनात म्हटलं, चुकून झालं असेल. घाईत माणूस करतो. त्यानं ऐकलंच नसेल. त्याच्या बाजूनं जेवढं बोलता येईल तेवढं मी स्वतःशी बोलून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लंचला त्याला ऑफिसच्या कारपार्कमध्ये गाठलं.

"रेफरन्स तू बदललास?"

"हो. का?"

"स गेलेत सगळे. तुला ऐकू आलं नव्हतं?"

तो सँडविच उघडत होता. उघडायचा थांबला. "आलं होतं," म्हणाला.

"कधी?"

"टेस्ट लाल झाली तेव्हाच. अगं, कॉन्फरन्स तोंडावर होती. शोधत बसलो असतो तर महिना गेला असता. पुढच्या रिलीजला नीट करणारच होतो ना."

"आणि काकूंना हुबेहूब म्हणालास."

"मग काय म्हणू? खूश होत्या त्या. अन् कळते कोणाला? एवढा हॉल भरला होता, एकाला तरी कळलं?"

"काकांना कळलं. ते आवाज बंद करून स्क्रीन वाचतात. तू बघितलंयस."

"काहून एवढी चिडून राहिली तू? सॉरी म्हटलं असतं ना मी." म्हटलं असतं! अजून म्हटलेलं नव्हतं. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "एक कर, लिस्टवर मोठं करून लिहू नको. लोक त्या भाषणाबद्दल अजून बोलून राहिले. चूक होती, दुरुस्त झाली, एवढंच लिही."

हा माणूस माझ्याशी खोटं बोलला याचं दुःख होतंच. पण ज्या बाईच्या हातचं वर्षानुवर्षं जेवला तिच्या पायाशी बसून, तिचा हात हातात धरून खोटं बोलला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी त्याला म्हटलं, "तू पुन्हा माझ्याशी बोलू नकोस," आणि निघून आले. रडत आले, कारपार्कमधून, सगळ्यांसमोर. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

लिस्टवर, म्हणजे प्रोजेक्टमधल्या सगळ्यांना जाणाऱ्या मेलवर, मी सगळं लिहिलं. रेफरन्स कुणी बदलला, कधी, आणि टेस्ट का हिरवी होती, तेही. त्यानं खाली एका ओळीत उत्तर दिलं, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. दोघातिघांनी त्याला शाबासकीचे अंगठे दिले. मला वाटलं होतं कुणीतरी माझ्यासारखं पेटून उठेल. डोंबल.

मूळ रेफरन्स प्रोजेक्टच्या जुन्या नोंदींतून परत आणले आणि टेस्ट लाल झाली. ती लाल बघून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मग चूक शोधायला बसले. स किंवा श म्हणताना जी हवा सुटते, तिचे आकडे फाइलमध्ये वेगळे साठवलेले असतात. वेग वाढवण्याच्या नादात त्यानं हळू आवाजातले ते आकडे गाळून टाकले होते. गाळलेले परत घेतले, मोठ्या फाइल्सवर डीकोडर का रखडतो तेही सापडलं. हे सगळं करताना काकूंचं एकच वाक्य मी दिवसभर वाजवत होते. "अहो, साखर संपलीये, सकाळी सांगितलं होतं ना, की आता तेही मीच सांभाळायचं?" टेस्ट हिरवी झाली तेव्हा मी ते पुन्हा लावलं. सगळे स आले. कानाखाली वाजवल्यासारखे. या वेळी मात्र मी प्रत्येक फाइल स्वतः ऐकली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मगच पाठवली.

नवा आवाज तयार झाला तोवर काकूंचे हात गेले होते. आता त्या नजरेनं टाइप करत, स्क्रीनवरच्या एकेका अक्षराकडे बघत. मी त्यांना आधी एवढंच सांगितलं होतं की सॉफ्टवेअरमध्ये चूक होती. कुणाची, ते सांगितलं नव्हतं. माझी जीभच रेटत नव्हती.

काकूंचं पहिलं वाक्य तयार व्हायला बराच वेळ लागला. मग मशीन बोललं, "अहो, स्वेटर उलटा घातलाय सकाळपासून." काका दचकले. खाली बघितलं. खरंच उलटा होता. "अगं, मग सकाळीच सांगायचं ना!" ते खेकसले, आणि खेकसता खेकसता त्यांचे डोळे भरून आले. चहा टाकायला म्हणून आत गेले, तिथून त्यांचं नाक शिंकरणं ऐकू येत होतं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा स्क्रीनकडे. एकेक अक्षर उमटत गेलं.

"त्याला माहीत होतं?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. जन्मभर पेशंटकडून खरं काढून घेतलेली बाई ती.

"हो," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

त्यांनी बराच वेळ टाइप केलं. काका चहा घेऊन आले, तरी त्यांचं चालूच होतं. आम्ही दोघं थांबून राहिलो. मग त्यांच्या आवाजात, त्या स्वच्छ, धारदार आवाजात मशीन बोललं.

"मला पहिल्याच दिवशी वाटलं, ही मी नाही. म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला हुबेहूब. मग मी कान तपासून घेतले. कान चांगले निघाले. म्हणजे उरलं डोकं. या आजारात काहींचं डोकंही जातं. मी डॉक्टर आहे, मला माहीत आहे. मी समजले, माझं जायला लागलं."

काकांनी हातातला कप खाली ठेवला. "म्हणून तू घाईनं सगळ्या सह्या केल्यास? उपचाराचे, घराचे, सगळे निर्णय लेकीवर सोपवलेस ते यासाठी? मला म्हणालीस, दगदग नको म्हणून."

"हो."

मला त्या क्षणी त्याला असेल तिथून ओढून आणून या खोलीत उभं करावंसं वाटत होतं. काकूंची नजर पुन्हा अक्षरांवरून फिरायला लागली होती. मला वाटलं, आता त्या त्याला शिव्या घालतील. घाला, मी मनात म्हटलं, सगळे स लावून घाला.

"त्यानं नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं," काकू म्हणाल्या, "तरी मी वेडी नाही, हे मला कळलं असतं गं."